जॉनी रे: 'खासगी बाब' नेमकी कुणाची?

जुन्या काळच्या एखाद्या गायकाबद्दल बोलताना तो समलिंगी असावा असा विषय निघाला, की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते, 'गेलेल्या माणसाच्या बेडरूममध्ये कशाला डोकावता? गाणी ऐका आणि सोडून द्या.' दुसरी बाजू म्हणते, 'तो आमचाच होता, हे घ्या पुरावे,' आणि जुने फोटो, अर्धवट आठवणी, कुणाकुणाच्या कुजबुजी पुढे करते. जॉनी रे या अमेरिकन गायकावरून हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की दोन्हीकडची वाक्यं मला पाठ झाली आहेत. माझं म्हणणं असं की दोघंही भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत. रे 'गे होता की नव्हता' याचा निकाल लावणं हे समलिंगी दृष्टीचं काम नव्हे. तो ज्या तऱ्हेने गाजला, ज्या तऱ्हेने त्याची टिंगल झाली आणि ज्या तऱ्हेने तो पॉप संगीताच्या इतिहासातून गळाला, त्यातलं काहीही त्या काळातली समलैंगिकतेची दहशत लक्षात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. मी स्वतः समलिंगी आहे, म्हणून मला ते लवकर दिसतं. पण ते पाहण्यासाठी समलिंगी असावं लागतं असं मुळीच नाही.

आज हे नाव बहुतेकांना माहीतच नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगायला हवं. रेचा जन्म १९२७ चा, ओरेगन राज्यातल्या डॅलस या लहान गावातला. पोरवयात खेळताना अपघात झाला आणि डावा कान गेला. पुढे तो श्रवणयंत्र लावूनच रंगमंचावर यायचा. डेट्रॉइटच्या 'फ्लेम शो बार'मध्ये तो गायला लागला. तिथले कलाकार आणि श्रोते प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते, आणि गाण्यात जीव कसा ओतायचा हे तो तिथेच शिकला. १९५१ च्या अखेरीस त्याचं 'क्राय' हे गाणं आलं. ते काढलं 'ओकेह' या लेबलने, म्हणजे कोलंबिया कंपनीच्या, रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी असलेल्या शाखेने. गाणं अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्याच तबकडीच्या मागच्या बाजूचं, स्वतः रेनेच लिहिलेलं 'द लिटल व्हाइट क्लाउड दॅट क्राइड' दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीतही 'क्राय' अव्वल ठरलं, आणि तेव्हाच्या अमेरिकेत गोऱ्या गायकाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती. पंचविशीच्या आतला हा किडकिडीत मुलगा पियानोवर मुठी आपटायचा, गुडघ्यांवर कोसळायचा, केस ओढायचा आणि सगळ्यांसमोर रडायचा. मुली किंचाळायच्या, त्याच्या अंगावरचे कपडे फाडून न्यायच्या. लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहातही तेच झालं. हे सगळं एल्विस प्रेस्लीचं नाव देशभर होण्याच्या तीन-चार वर्षं आधीचं.

'क्राय' आज कान देऊन ऐकलं तर दोन गोष्टी चटकन जाणवतात. पहिली आवाजाची. तेव्हाचे लोकप्रिय पुरुष गायक ओळ गुळगुळीत, सलग म्हणायचे. रे शब्द मध्येच तोडतो, एखादं अक्षर नको तितकं ताणतो, श्वास ऐकू येऊ देतो. हुंदक्याच्या इतकं जवळ जातो की पुढची ओळ त्याला म्हणता येईल की नाही अशी धास्ती वाटते. दुसरी गोष्ट शब्दांची. या गाण्यात कुठेही मुलगी नाही. गाणारा आपल्या प्रेयसीसाठी झुरत नाही. ज्याला कुणी सोडून गेलं आहे अशा एका माणसाची तो समजूत घालतो आहे. ऐकणारा मुलगा आहे की मुलगी, सोडून गेलेलं कोण, हे गाणं विचारत नाही. मागच्या बाजूच्या गाण्यात तर नदीकाठी फिरणाऱ्या उदास माणसाला भेटतो तो एक रडणारा ढग. आता पन्नासच्या दशकातल्या रेडिओची कल्पना करा. जवळपास प्रत्येक गाण्यात मुलगा मुलीला साद घालतो आहे आणि एखादा सोळा वर्षांचा पोर प्रत्येक गाण्यात मनातल्या मनात बदल करून घेतो आहे. त्या पोराला या दोन गाण्यांत शिरताना कसलंही सोंग घ्यावं लागत नव्हतं. रेने ती गाणी अशा मुलांसाठी गायली, असा माझा दावा नाही. 'क्राय' तर त्याने लिहिलेलंही नव्हतं. पण गाण्यात जागा असते आणि तिथे कुणी येऊन बसतं, हेही संगीताच्या इतिहासाचंच अंग आहे. चाहत्या मुलींच्या किंकाळ्या आपण इतिहास म्हणून नोंदवतो, मग त्या मुलाचं गप्प राहून ऐकणं का नोंदवत नाही?

ज्या १९५२ साली रे शिखरावर होता, त्याच वर्षी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने मनोविकारांची आपली पहिली अधिकृत सूची छापली आणि समलैंगिकता हा विकार म्हणून तीत घातला. तो बाहेर निघायला १९७३ उजाडलं. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे सरकारी नोकरीतून काढण्याचं कारण ठरलं. समलिंगी संबंध अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात गुन्हा होते. साध्या वेशातले पोलीस बारमध्ये आणि स्वच्छतागृहांत उभे राहायचे, बोलणं वाढवायचे आणि समोरचा फसला की बेड्या घालायचे. जॉनी रे या जाळ्यात १९५१ मध्ये डेट्रॉइटला सापडला होता, 'क्राय' यायच्या काही महिने आधी. त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि सुटला. त्याला कुणी ओळखत नव्हतं म्हणून बातमी झाली नाही. पण पोलीस दप्तरातला तो कागद कुठे जाणार होता? पुढच्या संपूर्ण कारकिर्दीवर तो टांगलेला राहिला. १९५९ मध्ये त्याच शहरात, पुन्हा साध्या वेशातल्या पोलिसाच्या तक्रारीवरून, त्याला पुन्हा अटक झाली. या वेळी खटला उभा राहिला, तो निर्दोष सुटला आणि वर्तमानपत्रांनी सगळं छापलं.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. माणसाचं खासगी आयुष्य त्याचं असतं. तो जिवंत असताना जे बोलला नाही, ते त्याच्या मागे आपण बोलणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हा मुद्दा मला मनापासून पटतो. रे आयुष्यभर जाहीरपणे याबद्दल काही बोलला नाही. समलिंगी माणसांना तर 'उघडं पाडलं जाणं' म्हणजे काय हे इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. नोकऱ्या, घरं, कुटुंबं त्यात गेली आहेत. त्यामुळे पुराव्यांच्या फायली घेऊन मेलेल्यांच्या मागे लागणाऱ्या आपल्याच काही मित्रांचा उत्साह मलाही खटकतो.

पण किशोरवयीनांचा लाडका गायक, ज्याला तिकडे 'टीन आयडॉल' म्हणतात, तो विकतो काय? फक्त आवाज? त्याला मुलगी कशी आवडते, तो कुणाबरोबर फिरतो, त्याचं मन अजून मोकळं आहे का, हे तबकडीइतकंच विकलं जातं. 'सिक्स्टीन' नावाचं मासिक १९५७ पासून निघू लागलं आणि गायकांच्या आवडीनिवडी, त्यांच्या स्वप्नातली मुलगी यांवरच ते वर्षानुवर्षं भरभरून खपलं. रेने १९५२ मध्ये मॅरिलिन मॉरिसनशी लग्न केलं तेव्हा ती देशभर गाजलेली बातमी होती; १९५४ मध्ये घटस्फोट झाला, तोही जाहीर. तेव्हा कुणी 'ही खासगी बाब आहे' म्हटलं नाही. गायकाचं मुलींवरचं प्रेम ही सार्वजनिक मालमत्ता आणि मुलांवरचं प्रेम मात्र बेडरूममधली गोष्ट, ही वाटणी कुणी केली? खासगीपणाचं तत्त्व खरोखर पाळायचं असेल तर चरित्रांतून ते लग्नही गाळा, बायकोचं नावही गाळा. ते कुणी गाळत नाही. म्हणजे इथे राखला जातो तो खासगीपणा नव्हेच. एक जुनी लाज राखली जाते, आणि ती रेची लाज असल्यासारखी आपण ती त्याच्या नावावर लावतो.

दुसरा मुद्दा शिक्क्याचा. रेच्या आयुष्यात बायका होत्या. लग्न होतं. डोरोथी किलगॅलन या नावाजलेल्या स्तंभलेखिकेशी त्याचं प्रकरणही सर्वश्रुत आहे. मग त्याला 'गे' म्हणणं म्हणजे इतिहास आपल्या सोयीने वाकवणं नव्हे का? आहेच. म्हणून मी तसं म्हणत नाही. त्याला उभयलैंगिक म्हणावं की आणखी काही, हे त्याचं त्याने सांगायचं होतं आणि ते सांगण्याची सोय त्याच्या काळात नव्हती. परंतु शिक्का मारायचा नाही म्हणून विषयच काढायचा नाही, ही पळवाट झाली. डेट्रॉइटच्या पोलिसांनी त्याला शिक्क्याच्या बारकाव्यांबद्दल विचारलं नव्हतं. त्याच्या रडण्याची नक्कल करून हशे पिकवणारे विनोदवीर आणि त्याला 'हुंदक्यांचा नवाब' वगैरे पदव्या वाटणारे पत्रकार, यांनीही नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की हा पुरुष पुरुषासारखा वागत नाही. समलैंगिकतेच्या भीतीचा मार बसायला माणूस समलिंगी असावाच लागत नाही. तसा संशय पुरतो. त्या माराची नोंद ठेवायला मग शिक्का तरी कशाला हवा?

याच १९५९ सालातला दुसरा खटला आठवा. लंडनच्या 'डेली मिरर'ने १९५६ मध्ये पियानोवादक लिबराचीवर एक विखारी स्तंभ छापला होता, त्याच्या बायकीपणाकडे बोट दाखवणारा. लिबराचीने अब्रुनुकसानीचा दावा लावला, आपण समलिंगी नसल्याचं न्यायालयात शपथेवर सांगितलं आणि आठ हजार पौंड जिंकले. १९८७ मध्ये तो एड्सने गेला तेव्हा ती शपथ काय होती हे जगाला कळलं. एकाच वर्षी, अटलांटिकच्या दोन काठांवर, दोन लोकप्रिय कलाकार न्यायालयात उभे होते आणि दोघांचंही पोट एकाच उत्तरावर अवलंबून होतं. लिबराची जिंकला आणि पुढे लास व्हेगासमध्ये झगमगत राहिला. रेही जिंकला, पण त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. फरक कुठे पडला? लिबराचीचा चाहतावर्ग मध्यमवयीन होता, आणि त्याचा भपका करमणूक म्हणून खपून जायचा. रे मात्र तरुण मुलींच्या खोल्यांतल्या भिंतींवर होता. ज्याच्याकडे घराघरांतल्या मुली होणारा प्रियकर म्हणून पाहतात, त्याच्याबद्दलचा संशय अमेरिकेला परवडणारा नव्हता.

यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तो संगीत जाणणाऱ्यांचा असतो म्हणून गंभीरपणे घ्यायला हवा. रे विसरला गेला त्याला कारण काळ, असं ते सांगतात. १९५६ मध्ये एल्विस आला, तरुणांची चव बदलली, आणि असे लाडके गायक तसेही विसरण्यासाठीच जन्माला येतात. चाहत्या मोठ्या होतात आणि पोस्टर भिंतीवरून उतरतं. शिवाय रेचं दारू पिणं होतं, १९५८ मधली कानाची शस्त्रक्रिया बिघडून ऐकू येणं आणखी कमी झालं होतं. या सगळ्यात तथ्य आहे आणि मी त्यातलं काहीही खोडून काढणार नाही. एका कारणाने कुणाची कारकीर्द बुडत नाही.

तरीही 'काळ बदलला' हे उत्तर मला पुरत नाही, कारण काळाने सगळ्यांना सारखं वागवलं नाही. फ्रँक सिनात्राकडे पाहा. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरबाहेर मुलींनी त्याच्यासाठी रस्ते अडवले होते. तोही किडकिडीत, तोही मुलींचा लाडका. १९५२ मध्ये, रे शिखरावर असताना, कोलंबियाने सिनात्राला नारळ दिला. मग तो परत कसा आला? एका युद्धपटात सैनिकाची भूमिका केली, ऑस्कर मिळवलं, तिरकी हॅट घातली, हातात ग्लास घेतला आणि नव्या गाण्यांतून एकट्या, कणखर, पोळलेल्या पुरुषाची प्रतिमा उभी केली. तो असामान्य गायक होताच. पण त्याच्यासाठी मर्दानीपणाचं दार उघडं होतं आणि त्यातून तो परत आत आला. रेसाठी ते दार कुठे होतं? त्याची सारी ताकदच रडण्यात होती. एल्विसने गाण्यातला तो बेभानपणा ठेवला. १९६० मध्ये त्याने 'सच अ नाइट' गायलं, तेच गाणं घेऊन रे १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला होता. मात्र एल्विसने त्यातले अश्रू वगळले आणि त्या जागी ओठांवर मिजास आणली. वारसा पुढे गेला आणि वारसा देणाऱ्याचं नाव तेवढं मागे राहिलं.

आणि चवच बदलली असेल, तर एल्विस ऐन भरात असताना रे ब्रिटनमध्ये १९५६ आणि १९५७ अशी दोन्ही वर्षं पहिल्या क्रमांकावर कसा गेला? १९५६ चं ते गाणं, 'जस्ट वॉकिन इन द रेन', मुळात टेनेसीच्या तुरुंगातल्या कृष्णवर्णीय कैद्यांचं. पावसात भिजत एकटाच चालणारा माणूस आणि खिडक्यांतून त्याच्याकडे पाहून आश्चर्य करणारे लोक, एवढाच त्याचा प्रसंग. कैद्यांनी ते का लिहिलं हे सहज कळतं. रेच्या तोंडी ते इतकं सहज का बसलं, याचं उत्तर मात्र त्याच्या चरित्रातला १९५१ चा पोलीस अहवाल वगळून देऊन दाखवा.

विसरणं आपोआप घडत नाही, कुणीतरी काय लक्षात ठेवायचं ते ठरवत असतं. रॉक संगीताचा इतिहास लिहिला गेला तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, बहुतांशी तरुण पुरुष समीक्षकांकडून. बंडखोरी, गिटार, रस्ता, मर्दानगी ही त्यांची मूल्यं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना आवडतं ते उथळ, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मुलींच्या आवडीचा तिटकारा आणि बायकी वाटणाऱ्या पुरुषाचा तिटकारा हे एकाच घरातले. जॉनी रे दोन्हींच्या तडाख्यात सापडला. ज्या गायकाचे चाहते मुली आणि लपूनछपून ऐकणारी समलिंगी मुलं होती, त्याची आठवण जतन करायला मासिकांत, विद्यापीठांत, रेकॉर्ड कंपन्यांत होतं कोण? मुलींना कुणी विचारलं नाही आणि त्या मुलांना बोलायची सोय नव्हती. १९८२ मध्ये एका गाजलेल्या ब्रिटिश गाण्याने पहिल्याच ओळीत त्याचं नाव घेतलं तेही 'बिचारा' म्हणून, आयांच्या पिढीला रडवणारा गायक म्हणून.

एक गोष्ट राहिली आणि ती मला महत्त्वाची वाटते. समलिंगी दृष्टी ही या गायकांवर आम्ही आज बाहेरून लादतो, असं समजलं जातं. पण ज्या कारखान्यात हे देखणे, हळवे, मुलींना न घाबरवणारे मुलगे घडले, तिथे ती दृष्टी पहिल्यापासून हजर होती. हॉलिवूडचा एजंट हेन्री विल्सन समलिंगी होता. रॉक हडसन आणि टॅब हंटर ही पडद्यावरच्या नायकांची नावं त्याच्याच दुकानातली. लंडनमध्ये लॅरी पार्न्स या गायकांच्या व्यवस्थापकाने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस साध्या घरांतली पोरं हेरून त्यांना मार्टी वाइल्ड, बिली फ्युरी असली नावं दिली आणि रंगमंचावर उभं केलं, तोही समलिंगी. बीटल्सना सूट घालून जगापुढे आणणारा ब्रायन एप्स्टीन समलिंगी होता. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा ठपका कायद्याने अंशतः उठला २७ जुलै १९६७ ला, आणि एप्स्टीन गेला बरोबर महिन्याभराने, २७ ऑगस्टला. मुलींनी कुणावर भाळावं हे ज्यांनी नेमकं ओळखलं, त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः तशाच नजरेने पाहत होते. ती नजर वगळून या गायकांचा इतिहास लिहायचा, तर त्यांना घडवणारे हातच वगळावे लागतील.

राहता राहिला रेच्या मौनाचा मान राखण्याचा प्रश्न. इथे टॅब हंटरचं उदाहरण बोलकं आहे. १९५७ मध्ये त्याचं 'यंग लव्ह' पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधी १९५५ मध्ये 'कॉन्फिडेन्शियल' या कुजबुजी छापणाऱ्या मासिकाने त्याची जुनी अटक उकरून काढली होती. तोही दशकानुदशकं गप्प राहिला. मग २००५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने आत्मचरित्रात सगळं स्वतःच्या शब्दांत सांगितलं. तोपर्यंत जग पालटलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे उरलेले कायदे रद्द केले होते. हंटर २०१८ पर्यंत जगला आणि उघडपणे जगला. जॉनी रे फेब्रुवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये यकृताच्या आजाराने गेला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणखी पंधरा वर्षं मिळाली असती तर तो बोलला असता का, हे मला ठरवायचं नाही. पण पोलीस, दंड, खटला आणि मासिकांची धमकी यांच्यामध्ये राखलेल्या मौनाला 'त्याची निवड' म्हणणं मला मान्य नाही. त्या मौनाचा मान राखतो असं म्हणणारे खरं तर त्या पोलिसांचं आणि त्या मासिकांचं काम पुढे चालू ठेवतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. त्याच्या गाण्यांचे संग्रह काढणाऱ्यांनी, संगीताचे कोश लिहिणाऱ्यांनी, रॉक अँड रोल १९५६ पासून सुरू झालं असं शिकवणाऱ्यांनी, 'क्राय'चे अकरा आठवडे लिहावेत तसेच १९५१ आणि १९५९ लिहावेत. 'वैयक्तिक अडचणींमुळे मागे पडला' या गोलमोल वाक्याऐवजी कुठल्या शहरात, कुठल्या कायद्याखाली, कुणी त्याला पकडलं ते लिहावं. लग्नाची तारीख द्यावी आणि अटकेचीही द्यावी. त्याला काय म्हणायचं ते मग वाचणाऱ्याने ठरवावं, किंवा ठरवूही नये.